शिलेदार, बारगीर आणि मोटोक्रॉसचा स्वार

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मोटोक्रॉसवर लेख पाहून आमच्यातले काही ज्येष्ठ भुवया उंचावतील, हे आम्ही धरूनच चालतो. धार-देवासच्या मराठी मंडळींनी अशा पानांवर पवारांचा इतिहास वाचलेला आहे, धारच्या किल्ल्याविषयी वाचलेले आहे, देवासला येऊन स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांविषयी वाचलेले आहे. खाचखळग्यांतून, चिखलातून उड्या मारत जाणाऱ्या मोटारसायकलींचा या सगळ्याशी काय संबंध?

आमच्या मते संबंध दोन प्रकारचा आहे. आशियातला सर्वांत लांब म्हणून ओळखला जाणारा वाहनचाचणीचा वेगमार्ग आज आमच्याच धार जिल्ह्यात, पिथमपूरला आहे. हा झाला भूगोल. दुसरा संबंध इतिहासाचा आहे आणि तो जरा खोल आहे. आमचे पूर्वज माळव्यात आले ते घोड्यावर बसून. त्या काळी स्वाराची ओळख एका प्रश्नाने होत असे : घोडा कोणाचा? स्वतःचा असेल तर तो शिलेदार, सरकारी पागेतला असेल तर तो बारगीर. मोटोक्रॉसच्या शंभर वर्षांच्या इतिहासात व्यावसायिक स्वाराचे नशीब ठरले आहे ते नेमके याच प्रश्नावर. म्हणून हा इतिहास आम्ही आमच्याच शब्दांत सांगायचे ठरवले आहे.

पागा आणि शिलेदारी

शिवाजी महाराजांच्या घोडदळाची घडी सभासदाच्या बखरीत वाचायला मिळते. पागेतला घोडा सरकारचा, त्याचे दाणावैरण सरकारचे, बारगिराला पगार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद, म्हणजे पाणी पुरवणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा. ही शेवटची दोन माणसे ध्यानात ठेवावीत, पुढे त्यांची गरज पडणार आहे. शिलेदाराचे तसे नव्हते. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, जोखीमही त्याचीच. आपल्या भाषेत ‘एकांडा शिलेदार’ हा शब्द कौतुकाने वापरतात. पण एकट्याने घोडा पोसणे किती महागाचे असते, हे त्या काळच्या माणसाला कौतुकाआधी कळत होते. घोडा पडला की शिलेदाराची चाकरी पडली. पागेतला बारगीर मात्र दुसऱ्या घोड्यावर बसून दुसऱ्या दिवशी मोहिमेवर जाऊ शकत होता.

पेशवाईत शिलेदारांची संख्या वाढली आणि माळव्याच्या स्वाऱ्या त्यांच्याच बळावर झाल्या. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांच्या सैन्याने अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला. या स्वारीत उदाजी पवार होते, मल्हारराव होळकर होते, राणोजी शिंदे होते. अमझेरा आमच्या धार जिल्ह्यातच आहे. मांडूच्या बाजूचा घाट चढून, शत्रूला अपेक्षा नसलेल्या वाटेने घोडी आली, हे त्या विजयाचे मर्म. पुढे धारला पवारांची एक शाखा स्थिरावली आणि देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर कामी आले. वाईट जमिनीवरून वेगाने जनावर काढून नेणे, हे आमच्या या दोन्ही गावांच्या मुळाशी असलेले कौशल्य आहे.

कॅम्बर्लीचे रान

आता इंग्लंडकडे जाऊ. सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीच्या माळावर २९ मार्च १९२४ रोजी काही मोटारसायकलस्वार जमले. त्याआधी यॉर्कशरमध्ये ‘स्कॉट ट्रायल’ नावाची स्पर्धा होत असे. तिच्यात वेगाबरोबर स्वाराचे कसबही तपासले जाई. अवघड जागी पाय टेकला की गुण कापले जात. कॅम्बर्लीच्या मंडळींनी कसबाची तपासणी काढून टाकली आणि ठरवले की जो पहिला येईल तो जिंकला. या झटापटीला त्यांनी ‘स्क्रॅम्बल’ म्हटले. पुढे हा खेळ फ्रान्स-बेल्जियमला गेला, तिथे ‘मोटोसिक्लेट’ आणि ‘क्रॉस-कंट्री’ हे शब्द जोडून ‘मोटोक्रॉस’ हे नाव तयार झाले आणि जगभर तेच रुजले.

ते पहिले स्वार सगळे शिलेदार होते. आठवडाभर ज्या गाडीवरून कामाला जायचे, तिचेच दिवे आणि मडगार्ड रविवारी काढून ठेवायचे आणि शर्यतीला उतरायचे. पडून गाडी मोडली तर सोमवारी पायी. पैसा नव्हता, पण गर्दी होऊ लागली. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये हॉलंडमधल्या वासेनारला राष्ट्रांमधली पहिली सांघिक स्पर्धा झाली आणि ब्रिटनने ती जिंकली. १९५२ मध्ये ५०० सीसी गटाची युरोपीय अजिंक्यपद मालिका सुरू झाली. १९५७ मध्ये तिला जागतिक दर्जा मिळाला आणि स्वीडनचा बिल निल्सन पहिला जगज्जेता ठरला.

इथेच कारखाने पुढे आले आणि पागा उभ्या राहिल्या. आम्हाला या भागात एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. १९५२चा पहिला युरोपीय विजेता व्हिक्टर लेलू बेल्जियमच्या एफएन गाडीवर होता. ब्रिटनच्या जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ मध्ये जगज्जेतेपद मिळवले ते बीएसएवर. स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमनची गाडी हुस्कवर्ना. पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने १९६६ पासून सलग तीन वर्षे जगज्जेतेपद घेतले ते चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर. हे चारही कारखाने मुळात बंदुकांचे. बीएसए या अक्षरांतला ‘एस’ आणि ‘ए’ म्हणजे लहान शस्त्रेच. बंदुकीची नळी घडवायला जे पोलाद आणि जी अचूकता लागते तीच इंजिनालाही लागते, म्हणून युरोपात शस्त्रशाळांच्या पोटी मोटारसायकली जन्मल्या. पागा आणि हत्यारखाना एकाच अंगणात असायचे, तसेच हे.

सीझेड हे नाव आमच्या पिढीला नवे वाटेल, पण त्याचे भावंड घरोघर ओळखीचे आहे. सीझेड आणि जावा हे चेकोस्लोव्हाकियातले एकाच सरकारी छत्राखालचे कारखाने. जावाची गाडी १९६०च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावा कंपनीत तयार होऊ लागली आणि पुढे १९७३ पासून येझदी या नावाने विकली गेली. किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो, ती गाडी. आग्रा-मुंबई रस्त्यावर तिचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना वेगळे वर्णन नको.

खेळ असतो तरी कसा

ज्यांनी मोटोक्रॉस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. साधारण दीड-दोन किलोमीटरची मातीची बंद वाट असते. चढ, उतार, तीव्र वळणे, आणि वीस मीटरहून लांब उड्या घ्याव्या लागतील असे उंचवटे. चाळीस स्वार एका ओळीत उभे राहतात, समोरचे लोखंडी फाटक एकदम पडते आणि चाळीसही जण पहिल्या वळणाकडे सुटतात. जागतिक मालिकेत आज अर्धा तास अधिक दोन फेऱ्या अशी एक शर्यत होते आणि एका दिवसात अशा दोन. पूर्वी त्या याहूनही लांब असत.

लांबून पाहणाऱ्याला वाटते की गाडी पळते आणि माणूस बसलेला असतो. खरे तर माणूस बसलेला नसतोच. बहुतेक वेळ तो पावट्यांवर उभा असतो, गुडघ्यांनी गाडी धरलेली असते आणि शंभर किलोहून जास्त वजनाचे ते धूड हातापायांनी तोलत असतो. दर फेरीला वाट बदलते, कारण चाकांनी तिच्यात खोल चर पडतात. आधीच्या फेरीला सोपी असलेली रेघ पुढच्या फेरीला दगा देते. घोडेस्वाराला जमिनीचा अंदाज टापांवरून येतो, इथे तो हॅन्डलवर आणि पावट्यांवर येतो. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ज्याने कधी गाडी घातली आहे, त्याला या खेळाची निम्मी कल्पना आपोआप येईल. चाक फिरते आणि गाडी जागची हलत नाही.

एका बारगिराची कारकीर्द

व्यावसायिक मोटोक्रॉसपटूची कारकीर्द म्हणजे काय, हे समजून घ्यायला बेल्जियमच्या रॉजर डी कॉस्टरपेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडत नाही. १९४४ मध्ये ब्रुसेल्सजवळ जन्मलेला हा मुलगा शिलेदारीतून वर आला आणि १९६०च्या दशकात सीझेडच्या पागेत शिरला. त्याच पागेत त्याचाच देशबांधव जोएल रोबेर होता. रोबेर १९६४ मध्ये विसाव्या वर्षी २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला होता. दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. रोबेर उपजत गुणाचा आणि सरावाचा कंटाळा करणारा, तर डी कॉस्टर व्यायाम, आहार आणि गाडीची बारीकसारीक जुळणी यांत गढलेला. दोघेही मोठे झाले. शरीर कमावणे हा मोटोक्रॉसच्या धंद्याचा भाग आहे, हे पुढच्या पिढ्यांनी शिकले ते मात्र डी कॉस्टरकडून.

मग जपान आले. सुझुकीला युरोपच्या मातीवर नाव करायचे होते. १९७० मध्ये रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले, जपानी गाडीचे मोटोक्रॉसमधले ते पहिलेच. १९७१ मध्ये डी कॉस्टर सुझुकीकडे आला आणि त्याच वर्षी ५०० सीसीचा जगज्जेता झाला. १९७२ आणि १९७३ मध्येही तोच. १९७४ मध्ये फिनलंडच्या हेइक्की मिक्कोलाने त्याला हरवले. १९७५ आणि १९७६ मध्ये डी कॉस्टरने पद परत घेतले. पाच जगज्जेतेपदे आणि ५०० सीसी गटातल्या ३६ ग्रां प्री विजयांची ही कारकीर्द पागेशिवाय घडली नसती. सुझुकीच्या त्या गाड्या बाजारात विकायच्या नव्हत्याच. एकेका स्वारासाठी हाताने घडवलेल्या आणि इतक्या हलक्या की १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान वजनाचा नियम घातला आणि विजेत्यांच्या गाड्यांवर मुद्दाम वजन चढवावे लागले.

त्याच वर्षी आणखी एक उलथापालथ झाली. बेल्जियमचे अभियंते लुसियाँ टिल्केन्स यांनी मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन आधार देण्याऐवजी मध्ये एकच लांब आधार बसवण्याची युक्ती काढली. यामाहाने ती विकत घेतली आणि स्वीडनच्या होकान अँडरसनने तिच्यावर १९७३चे २५० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. चार-पाच इंच हलणारे चाक काही वर्षांतच फूटभर हलू लागले. वाट तीच राहिली, पण उड्या लांबल्या, वेग वाढला आणि पडणेही मोठे झाले. १९२४ पासून चालत आलेली घरच्या गाडीने शर्यत मारण्याची गोष्ट इथे कायमची संपली. शिलेदार उरले, पण जिंकणे बारगिरांकडे गेले.

अमेरिकेत याला बाजाराची जोड मिळाली. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून कृत्रिम वाट बांधली गेली आणि सोळा वर्षांच्या मार्टी ट्रिप्सने ती शर्यत जिंकली. रानातला खेळ शहरात आला, तिकिटे विकली गेली, त्यातून ‘सुपरक्रॉस’ जन्मला.

डी कॉस्टरने १९८० मध्ये, छत्तीसच्या घरात असताना, होंडावर आपली शेवटची ग्रां प्री जिंकून शर्यतीतून निवृत्ती घेतली. कारकिर्दीचा खरा धडा आमच्या मते इथून पुढे आहे. १९८१ मध्ये राष्ट्रांच्या सांघिक स्पर्धेला अमेरिकेने पाठवलेल्या तरुण संघाचा व्यवस्थापक तोच होता. युरोपात कोणी त्या पोरांना मोजत नव्हते. ते जिंकले, आणि १९९३ पर्यंत अमेरिका दर वर्षी जिंकत राहिली. पुढे अनेक दशके डी कॉस्टर वेगवेगळ्या कंपन्यांच्या संघांचा कारभारी राहिला. बारगीर म्हणून आला, पागेचा सरनोबत झाला. मोटोक्रॉसपटूची पळण्याची वर्षे क्रिकेटपटूहूनही कमी असतात. हाडे मोडतात, सांधे निखळतात. ज्याच्या मागे पागा असते त्याला पळणे थांबल्यावरही काम मिळते. बेल्जियममध्ये हा व्यवसाय वडिलांकडून मुलाकडेही गेला. हॅरी एव्हर्ट्स चार वेळा जगज्जेता होता, त्याचा मुलगा स्टेफान दहा वेळा.

भारतातले एकांडे

आपल्याकडे मोटारसायकल शर्यती मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर १९५०च्या दशकात रुजल्या. मोटार क्रीडा संस्थांचा अखिल भारतीय महासंघ १९७१ मध्ये स्थापन झाला. टीव्हीएसने १९८२ मध्ये आपला शर्यत विभाग सुरू केला. आपल्या देशातली कारखान्याची पागा म्हणता येईल अशी ही सर्वांत जुनी. मातीवरच्या शर्यतींना एमआरएफसारख्या टायर कंपन्यांनी आश्रय दिला आणि राष्ट्रीय सुपरक्रॉस मालिका गावोगावच्या मैदानांवर पोहोचली.

अडचण घोड्याची होती. मोटोक्रॉसची खास गाडी आपल्या देशात वर्षानुवर्षे तयारच होत नव्हती. बाहेरून आणायची तर किंमत आणि त्यावर आयातकर. म्हणून आपल्याकडे वेगळे गट पाडावे लागले : रस्त्यावरच्या देशी गाडीत फेरफार करून पळणाऱ्यांचा एक आणि परदेशी गाडी परवडणाऱ्यांचा दुसरा. शर्यतीच्या गाडीची देखभाल किलोमीटरवर मोजत नाहीत, इंजिन किती तास चालले यावर मोजतात. ठरावीक तास भरले की पिस्टन बदलायचा. म्हणजे घोडा नुसता विकत घेऊन भागत नाही, त्याचा रोजचा चाराही भारी. त्यावर नालबंद हवा, म्हणजे मेकॅनिक. आणि पखालजी हवा, म्हणजे पाणी, इंधन, सुटे भाग वेळेवर हातात देणारा. पंचवीस जणांमागे हे दोघे असावेत, हे सतराव्या शतकात रायगडावर कळलेले शहाणपण. आपल्याकडच्या शर्यतीत तीन माणसांचे काम बहुतेक वेळा एकटा स्वार किंवा त्याचे वडील करताना दिसतात.

बेंगळुरूच्या सी. एस. संतोषची कारकीर्द याच वाटेने गेली. मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमधला तो राष्ट्रीय विजेता. पण देशात जिंकून पुढे काय, या प्रश्नाला मोटोक्रॉसमध्ये उत्तर नव्हते, म्हणून तो वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला. २०१३ मध्ये अबुधाबीच्या शर्यतीत त्याच्या गाडीने पेट घेतला आणि तो भाजला. बरा होऊन २०१५ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या डकार रॅलीला गेला, छत्तिसावा आला, आणि ती रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. तेव्हा तो प्रायोजक जमवून गेलेला शिलेदार होता. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, हीरो मोटोकॉर्पने स्वतःचा रॅली संघ उभा केला आणि संतोष त्या पागेत दाखल झाला.

पागा असली म्हणून मातीची धार बोथट होत नाही. १२ जानेवारी २०२० रोजी हीरो संघाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस सौदी अरेबियातल्या डकारमध्ये मरण पावला. तोही मुळात मोटोक्रॉसमधून आलेला. संघाने तिथेच शर्यत सोडली. पुढच्या वर्षी ६ जानेवारीला संतोष त्याच रॅलीत पडला. डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवले आणि कित्येक दिवस देशाचे लक्ष रियाधच्या रुग्णालयाकडे लागले. तो वाचला आणि घरी परतला. मागे संघ, डॉक्टर, विमा आणि कंपनी होती, हे विसरून चालणार नाही. एकांडा शिलेदार तिथे पडला असता तर?

संतोषने बेंगळुरूजवळ कोलारला मातीवर गाडी चालवायला शिकवणारी शाळाही काढली. डी कॉस्टर ज्या वाटेने गेला तीच ही वाट. स्वाराने शिकवायला लागणे हे कारकीर्द टिकण्याचे लक्षण आहे.

मराठी मुलखाकडे वळायचे तर पुणे हे या खेळाचे एक ठाणे. ऋग्वेद बारगुजे हा राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या पहिल्या फळीतला स्वार पुण्याचा. २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यातच, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. क्रिकेटच्या लीगप्रमाणे संघमालक आले, स्वारांचा लिलाव झाला, परदेशी स्वार भारतीयांच्या शेजारी पळाले. लिलाव हा शब्द काहींना खटकतो. आम्हाला त्यात दुसरे काही दिसते : कोणीतरी मोटोक्रॉसच्या स्वाराला सांगितले की गाडी आमची, चारा आमचा, तू ये. ही लीग किती वर्षे टिकते यावर बरेच अवलंबून आहे, कारण एका हंगामाची पागा ही पागा नव्हे.

पिथमपूर आणि आपण

आता आमच्या दाराशी येऊ. पिथमपूर धार जिल्ह्यात. १९८०च्या दशकात इथे वाहन कारखाने उभे राहिले, त्यांत मराठी उद्योगाचा मोठा वाटा. पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाशी हात मिळवून १९८४ मध्ये कायनेटिक होंडा कंपनी काढली आणि तिची स्कूटर पिथमपूरला बनली. बटण दाबले की चालू होणारी, गिअर नसलेली ही स्कूटर आमच्या कित्येक घरांतल्या मुलींनी आणि सुनांनी चालवलेली पहिली गाडी. बजाज टेम्पोचा कारखाना इथे आला, आयशरचे ट्रक इथे बनले. देवासला गजरा गिअर्समध्ये वाहनांचे गिअर घडत होते, किर्लोस्करांचे पंप बनत होते. म्हणजे नालबंदांची आमच्याकडे कधीच वाण नव्हती. लेथवर उभ्या राहिलेल्या किंवा ड्रॉइंग वाचून दिलेल्या मापाचा दातेरी गिअर काढून देणाऱ्या माणसाशिवाय धार-देवासचे मराठी घर शोधायला जरा फिरावे लागेल.

२९ जून २०२१ रोजी पिथमपूरच्या नॅट्रॅक्स केंद्रातल्या ११.३ किलोमीटरच्या वेगमार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे हजार एकरांचा परिसर, त्यात वेगमार्गाखेरीज निरनिराळ्या प्रकारच्या चाचणीच्या वाटा. कंपन्या तिथे आपल्या गाड्या तपासून घेतात. काम महत्त्वाचे आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण तिथे तपासली जाते ती गाडी. स्वार तपासायला, घडवायला आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जागा नाही.

म्हणून आमचे पोरगे काय करते? बायपासवर जाते. सायलेन्सर काढलेली गाडी, डोक्याला काही नाही, समोरून उसाची ट्रॉली. घरच्यांना कळते तेव्हा एक तर पोलिस ठाण्यातून फोन येतो किंवा दवाखान्यातून. ज्याला खरेच या खेळात जायचे आहे तो दुसऱ्या टोकाला जातो. वडिलांनी ठेवलेली ठेव मोडायला लावतो, गाडी घेतो आणि एकटा पुण्याला किंवा बेंगळुरूला निघतो. एक हंगाम पळतो. कॉलरबोन मोडते. बहुतेक साध्या अपघात विम्यांच्या अटींत शर्यतीचा अपवाद असतो, हे तेव्हा कळते. घोडा पडला, चाकरी पडली. अठराव्या शतकातल्या शिलेदाराची कहाणी आमच्या काळात जशीच्या तशी.

यावर इतिहासातच एक तोड आहे. इंग्रजांनी आपले देशी घोडदळ उभे केले तेव्हा शिलेदारी पद्धत टिकवली. १८१७ मध्ये उभी राहिलेली पूना हॉर्स ही पलटण याच घराण्यातली. स्वार ‘असामी’ म्हणून रक्कम भरून घोड्यासह दाखल व्हायचा. घोडा मेला तर एकटा स्वार बुडू नये म्हणून या पलटणींत एक निधी असे. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम त्यात जाई आणि ज्याचा घोडा पडे त्याला त्या निधीतून नवा मिळे. त्याचे नाव ‘चंदा’. पहिल्या महायुद्धाच्या रेट्यात शिलेदारी पद्धत मोडली, पण तोवर शंभराहून अधिक वर्षे तिने काम दिले. कारखान्याची पागा नसताना शिलेदाराला उभे ठेवण्याची ही युक्ती होती, आणि ती शिलेदारांच्या स्वतःच्या पैशातून चालत होती.

चंदा म्हणजे आपल्या मराठीत वर्गणी. आमच्या मंडळाचा गणपती तिच्यावर बसतो, मांडव तिच्यावर उभा राहतो, ही स्मरणिकाही तिच्यातूनच छापली जाते. गल्लीतल्या प्रत्येक घराने थोडे दिले की कोणा एकाच्या डोक्यावर भार येत नाही, हे आम्ही दर भाद्रपदात करून दाखवतो. तेच गणित खेळाला लावता येईल. कोणाकडे शहराबाहेर पडीक जमीन आहे, तिथे शेतातली माती ओढून एक लहान वाट तयार होऊ शकते. पिथमपूर-देवासच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आमचे नालबंद रविवारचे दोन तास देऊ शकतात. मंडळाच्या नावाने दोन जुन्या गाड्या, पाच चांगली हेल्मेट, गुडघ्यांचे आणि छातीचे चिलखत घेता येईल. ज्याला पळायचे आहे त्याने तिथे पळावे, सरावाला बसावे, पडायचे तर मातीत पडावे. महासंघाचा परवाना काढून, शर्यतीचा विमा करून मगच त्याला बाहेरच्या स्पर्धेला पाठवावे. यातून जगज्जेता निघेल असे आम्ही म्हणत नाही. बायपासवरची दोन पोरे मातीवर आली तरी वर्गणी वसूल झाली.

इतिहासाचे वाचन आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना प्रिय आहे, आणि त्या इतिहासात घोडा मोठा आहे. पण घोड्यामागे उभा असलेला पखालजी आणि नालबंद, आणि पलटणीने मिळून भरलेला चंदा, यांच्याशिवाय एकही घोडदौड झालेली नाही. अमझेऱ्याचा घाट चढून गेलेल्यांची नावे इतिहासात आहेत. त्यांच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांची नाहीत. आज आमच्यातले बहुतेक जण त्या दुसऱ्या यादीत बसतील आणि त्यात कमीपणा काही नाही. गणरायासमोर यंदाची वर्गणी मांडताना ही दुसरी वर्गणीही मंडळाच्या बैठकीत चर्चेला यावी, एवढीच आमची विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!